दवाखान्यांतील विनोद

दिवाळी अंकांतील चुटक्यांचें पान उघडलें कीं डॉक्टर आणि रोगी यांची जोडी तेथें हटकून भेटते. डॉक्टर सांगतो, "उद्यां सकाळीं उपाशी या, रक्त तपासावयाचें आहे;" आणि रोगी येतो तो साबुदाण्याची उसळ चापून, कारण त्याच्या समजुतीप्रमाणें त्यानें उपास कडकडीत पाळलेला असतो. डॉक्टर सांगतो, "छातीचा फोटो काढावा लागेल;" आणि रोगी भांग पाडून, धुतलेला सदरा चढवून दारांत उभा. हे चुटके वाचून हसूं येतें हें आम्ही नाकारीत नाहीं. दुखण्याइतका हास्यरसाला पोषक विषय दुसरा क्वचितच सांपडेल. परंतु एका साच्यांतून काढलेले असे पन्नास-पाऊणशें चुटके ओळीनें वाचले म्हणजे एक गोष्ट मनांत सलूं लागते. या संभाषणांत चुकतो तो प्रत्येक वेळीं रोगीच. डॉक्टराचें वाक्य जणूं आरशासारखें स्वच्छ. सारा घोटाळा काय तो ऐकणाऱ्याच्या कानांत.

आतां तो साबुदाण्याचाच चुटका घ्या. 'उपाशी' आणि 'उपास' हे शब्द सख्खे भाऊ खरे. पण मराठी घरांत त्यांची वागणूक किती निराळी! 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्या समाजानें स्वतःवरच रचली, त्या समाजांत उपासाच्या दिवशीं पोट रिकामें असतें, ही कल्पना केवळ पुस्तकांत वाढलेल्या मनुष्याचीच असावयाची. मग या चुटक्यांत हास्यास्पद कोण ठरावें? शब्दाचा घरगुती अर्थ ज्याला पुरता ठाऊक आहे तो, कीं त्या अर्थाची चौकशी न करितां ज्यानें शब्द फेंकला तो? चुटका लिहिणाऱ्यास हा प्रश्न पडत नाहीं, कारण टेबलाच्या ज्या बाजूस तो बसला आहे ती बाजू डॉक्टराची आहे.

पूर्वीं असें नव्हतें. 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहिणाऱ्या हरि नारायण आपट्यांनीं मोलियेरचें एक फ्रेंच प्रहसन 'मारून मुटकून वैद्यबुवा' या नांवानें मराठींत आणलें, हें आजच्या वाचकांपैकीं थोड्यांनाच स्मरत असेल. मूळ प्रहसन १६६६ सालचें. त्यांत एका लाकूडतोड्याची बायको, नवऱ्यानें दिलेल्या माराचा सूड म्हणून, दोघां नोकरांस सांगते कीं हा मोठा धन्वंतरी आहे, पण चोप दिल्यावांचून आपली विद्या कबूल करीत नाहीं. चोप बसतो, वैद्यकी कबूल होते, आणि स्वारी एका श्रीमंताच्या मुक्या झालेल्या मुलीपुढें उभी राहते. यजमानाला लॅटिन येत नाहीं एवढें आधीं विचारून घेऊन वैद्यबुवा मोडक्यातोडक्या लॅटिनची बरसात करतात. काळीज उजवीकडे आणि यकृत डावीकडे असल्याचें सांगतात, आणि यजमान भीत भीत शंका काढतो तेव्हां वैद्यकानें ती जुनी व्यवस्था आतां बदलली आहे असें ऐकवून मोकळे होतात. न समजणारी भाषा हेंच या वैद्याचें एकमेव औषध, आणि प्रेक्षक हसतो तो त्या भाषेला.

याच प्रहसनांतील दुसरी खूण याहून खोल आहे. ती मुलगी खरोखर मुकी नाहींच. बापानें ठरविलेलें लग्न तिला नको आहे, आणि तें सांगितलें तरी कोणी ऐकणार नाहीं म्हणून तिनें बोलणेंच टाकलें आहे. पुढें ती बोलूं लागते तेव्हां इतकी बोलते कीं बाप वैद्याची विनवणी करतो, हिला पुन्हा मुकी करा. वैद्य म्हणतो, तें माझ्या हातीं नाहीं. हवें तर तुम्हांला बहिरे करतों. दवाखान्यावर झालेली याहून मार्मिक थट्टा आमच्या वाचनांत नाहीं. (मोलियेरचा शेवटही विलक्षण झाला. १६७३ च्या फेब्रुवारींत आजारी नसून आजारी समजणाऱ्या एका गृहस्थाची भूमिका करीत असतां त्यालाच रंगभूमीवर उबळ आली, आणि त्याच रात्रीं तो वारला.)

मोलियेरपासून आमच्या दिवाळी अंकांपर्यंत येतां येतां हंशाची दिशा उलटली ती कां? आमच्या मतें कारण सरळ आहे. त्या काळच्या वैद्याजवळ भाषा होती, औषध नव्हतें. आजच्या डॉक्टराजवळ औषध आहे. ज्याच्या हातून आपलें लेकरूं न्यूमोनियांतून उठलें, त्याला हसणें कोणाच्याही जिवावर येईल. म्हणून हंशा मुकाट्यानें टेबलाच्या पलीकडे सरकला आणि बांकावर बसलेल्या मनुष्याच्या अंगावर येऊन पडला. हा फेरबदल कृतज्ञतेपोटीं झालेला आहे, त्यामुळें त्यावर रागावतांही येत नाहीं. पण भाषेचें काय? लॅटिनची जागा इंग्रजीनें घेतली, एवढेंच.

हें सारें एका ठिकाणीं पाहावयाचें तर वर्धा जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाहीं. १९३६ सालीं गांधीजी ज्या शेगांव नांवाच्या खेड्यांत राहावयास गेले तेंच पुढें सेवाग्राम झालें. तेथील कस्तुरबा रुग्णालयास जोडून १९६९ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. खेड्यासाठीं म्हणून काढलेल्या या महाविद्यालयांत देशाच्या नाना प्रांतांतून मुलेंमुली येत आलीं आहेत, आणि प्रत्येक तुकडीनें एक गांव दत्तक घेऊन त्यांत कांहीं दिवस मुक्काम करावा अशी तेथील रीत आहे. केरळांतून किंवा बिहारांतून आलेल्या मुलाची पंचाईत आपणांस सहज समजते. पुण्याहून आलेल्याची पंचाईत मात्र दुहेरी, कारण आपल्याला मराठी येतें असा त्याचा समज असतो. ज्या १९३६ सालीं गांधीजी शेगांवास आले त्याच सालीं वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली, आणि साऱ्या देशानें परस्परांशीं कोणत्या भाषेंत बोलावें याचा खल तेथें पुष्कळ झाला. आर्वीकडल्या एखाद्या बाईनें आपलें दुखणें कोणत्या भाषेंत सांगावें, यावर मात्र कोणीं समिति नेमली नाहीं.

कांहीं मासले देतों. हे कोणा एका दवाखान्यांतले नव्हेत. जिल्ह्यांत, किंबहुना वऱ्हाड-नागपूरकडे कोठेंही, कान उघडे ठेवून बांकावर तासभर बसलें तर ऐकूं येतील असे आहेत. डॉक्टर विचारतो, "पूर्वीं कांहीं ऑपरेशन झालें आहे का?" बाई म्हणते, "नाही जी. ऑपरेशन काहून करू? पोरगं तं एकच हाय." पोटावर ॲपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा वितभर व्रण, आणि बाई म्हणते ऑपरेशन नाहीं! परंतु ती खोटें बोलत नाहीं. गेल्या कित्येक वर्षांत सरकारानें खेडोपाडीं 'ऑपरेशन' हा शब्द एकाच अर्थानें पोंचविला, आणि तो अर्थ कुटुंबनियोजनाचा. शब्द सरकारनें शिकविला, बाईनें तो इमानानें पाठ केला, आणि चूक निघाली ती बाईची!

दुसरें, 'जुलाब'. मराठींत 'तापाची गोळी' ताप घालविते आणि 'झोपेची गोळी' झोप आणते. मग 'जुलाबाची गोळी' काय करते? होतात तेही जुलाब, आणि व्हावे म्हणून घेतात तोही जुलाबच. औषधाच्या दुकानावर उभा राहून "जुलाबाची गोळी द्या" म्हणणारा मनुष्य हगवणीनें हैराण आहे कीं चार दिवसांच्या बद्धकोष्ठानें, हें केवळ त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखावयाचें. येथें दोष कोणाचाच नाहीं. भाषेनेंच ही खोडी करून ठेवली आहे, आणि म्हणून हा विनोद आम्हांला निर्मळ वाटतो. तसेंच 'दिवस'. बाईला कोणी म्हणतें दिवस गेले, कोणी म्हणतें दिवस राहिले. जाणें आणि राहणें या परस्परविरुद्ध क्रियापदांनीं एकच वार्ता देणारी भाषा परप्रांतीय मुलानें कशी शिकावी? त्यांत कोणी त्याला "कावळा शिवला" असें सांगितलें तर तो बिचारा जखम कोठें झाली तें शोधूं लागेल.

आणि 'कसंतरी होतें'! या दोन शब्दांपुढें शहाण्या डॉक्टरानेंही हात टेकले आहेत. चक्कर म्हणावी तर चक्कर नव्हे, मळमळ म्हणावी तर मळमळ नव्हे. पण हें सांगणाऱ्या मनुष्यास आपण कांहीं संदिग्ध बोललों असें मुळींच वाटत नाहीं. पुढचा प्रश्न "म्हणजे नक्की काय होतें?" हा आला कीं तो चकित होऊन पाहूं लागतो: आतांच तर सांगितलें!

हे मासले वाचून सुशिक्षित वाचकास थोडें उंचावर बसल्याचें सुख होत असेल, तर त्यानें २०२० साल आठवावें. त्या साथींत 'पॉझिटिव्ह' हा शब्द घरोघर आला. जन्मभर सभांतून आणि वर्तमानपत्रांतून ज्याचा अर्थ आशादायक, चांगला, विधायक असा ऐकला, तो शब्द कागदावर पाहून घर हादरूं लागलें. आणि 'निगेटिव्ह' वाचून पेढे वांटावेसे वाटूं लागले. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनीं मुलाचा निगेटिव्ह अहवाल हातीं घेऊन, "काय सांगूं, शेवटीं निगेटिव्हच आला," म्हणत डोळे पुसले होते, आणि त्यांची समजूत पटवावयास शेजारच्या परिचारिकेस पाव तास लागला. मास्तर इंग्रजीच शिकवीत असत. चुटक्यांच्या पानावर हा प्रसंग आम्हीं अद्याप पाहिला नाहीं.

पण सर्वच घोटाळे हंशावर संपत नाहींत, आणि या शाखेच्या विनोदाविषयीं आमची खरी तक्रार तेथूनच सुरू होते. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंचा आठ महिन्यांचा नातू आजारी पडला म्हणून आम्ही तिच्याबरोबर एका दवाखान्यांत गेलों होतों. तिनें सांगितलें, "लेकराचं पोट उडून रायलं जी." डॉक्टर तरुण, दिवसभराच्या गर्दीनें थकलेला. त्यानें पोट दाबून पाहिलें, शी कशी होते तें विचारलें, पोटाचें औषध लिहून दिलें, आणि बाजूच्या सोबत्याकडे पाहून म्हणाला, "पोट उडतंय म्हणे! धरून ठेवा, नाहींतर जाईल उडून." सोबती हसला. खोटें कां सांगावें, आम्हीही हसलों. आजीबाई तेवढी हसली नाहीं. तिनें चिठ्ठी घेतली, दारापर्यंत गेली, परत फिरली, आणि कांहीं न बोलतां पोराचें झबलें वर केलें. छातीच्या फांसळ्यांखालीं प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता आणि पोट भात्यासारखें वरखालीं होत होतें. डॉक्टराचा चेहरा उतरला. त्या दिवशीं पोर भरती झालें आणि वांचलें. पोटाचें औषध घेऊन ती तशीच घरीं गेली असती तर काय झालें असतें, तें आम्ही लिहीत नाहीं.

'पोट उडणें' हा शब्दप्रयोग अडाणीपणाचा आहे काय? लहान मुलाच्या न्यूमोनियाचें जें लक्षण पुस्तकें अर्ध्या पानांत सांगतात, तें या दोन शब्दांत उभें आहे. आजीबाईजवळ शब्द होता. ऐकणाऱ्याजवळ त्याचें घर नव्हतें. ज्या वाक्याला आम्ही हसलों तें त्या खोलींतील सर्वांत अचूक वाक्य होतें.

येथें अभय आणि राणी बंग यांच्या कार्याचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. अभय बंग यांचें बालपण वर्धा-सेवाग्रामच्या परिसरांत गेलें. पुढें या दांपत्यानें गडचिरोली जिल्हा आपला मानला. गडचिरोलींतील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनीं काढलेले निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं शेंकडा ९२ स्त्रियांना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वीं तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेंकडा ८. हे आंकडे वाचतांना आम्हांला मोलियेरची ती मुकी मुलगी आठवली. या बायका मुक्या होत्या काय? 'अंगावरून जातें', 'अंग बाहेर येतें' असे शब्द त्यांच्याजवळ होतेच. 'अंग' म्हणजे शरीर नव्हे, गर्भाशय, हें आपल्या आयामावशांस ठाऊक होतें. शहरांतून आलेल्या मुलाला 'अंग बाहेर येतें' हें वाक्य ऐकून हसूं कोसळलें असतें, आणि तें एकदां हसूं ऐकल्यावर ती बाई पुन्हा उभ्या जन्मांत त्या दारीं गेली नसती. राणी बंग यांनीं स्त्रियांच्या आरोग्यावर जें पुस्तक लिहिलें त्याला 'कानोसा' हें नांव दिलें. नांवांतच पुस्तकाची रीत सांगितलेली आहे. तपासण्याच्या आधीं कान लावावयाचा.

गैरसमजाची आणखी एक जात त्यांनींच दाखवून दिली, आणि तींत शब्दच नाहीं. आदिवासी मंडळी रुग्णालयांत यावयास कचरतात ती कां, असें विचारतां उत्तर मिळालें कीं तेथें डॉक्टर आणि परिचारिका पांढरीं वस्त्रें नेसून फिरतात, आणि पांढरें वस्त्र तर मेलेल्यावर घालतात. ज्या पांढऱ्या कोटाचा अर्थ डॉक्टराच्या मतें स्वच्छता, त्याचा अर्थ बांकावरच्या मनुष्यास कफन असा लागत होता! चुटके लिहिणाऱ्याच्या हातीं ही गोष्ट लागती तर त्यानें तिच्या चार ओळी करून सोडून दिल्या असत्या. येथें तिच्यांतून एक दवाखाना उभा राहिला: गोंडी घरांच्या धर्तीवर बांधलेला, नातलगांना सोबत राहतां येईल असा, आणि त्या लोकांच्याच देवतेच्या नांवाचा, मां दंतेश्वरी दवाखाना. 'दुखणें रेड्याला नि इलाज पखालीला' या आपल्या जुन्या म्हणींतील पखाल ओळखून बाजूला ठेवणारे वैद्य क्वचितच निघतात. अभय बंग पुढें स्वतःच हृदयविकारानें खाटेवर पडले, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूनें जग कसें दिसतें तें त्यांनीं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकांत लिहिलें. मराठी वाचकांनीं तें डोक्यावर घेतलें यांत नवल नाहीं.

कोणी म्हणेल, तुम्ही विनोदावर लिहावयास बसलांत आणि आरोग्यखात्याचा अहवाल लिहूं लागलांत. चुटक्याला चुटकाच राहूं द्या. आक्षेप रास्त आहे. विनोदानें लोकशिक्षणाचें ओझें वाहावें असें आमचें म्हणणें नाहीं. तशीं ओझीं वाहणारे विनोद आम्हांला सोसवतही नाहींत. आमचें म्हणणें रसाविषयींच आहे. ज्या चुटक्यांत एक शहाणा आणि एक मूर्ख असतो तो दुसऱ्या वाचनाला शिळा होतो, कारण मूर्खाचें पुढचें वाक्य आपल्याला आधींच ठाऊक असतें. 'जुलाबा'सारखा, जेथें दोघेही आपापल्या परीनें बरोबर असतात आणि तरीही गाडी घसरते, तो विनोद टिकतो. आमच्या लेखकांनीं हा दुसरा प्रकार जवळ जवळ टाकून दिला आहे. त्याला लागणारी सामग्री मात्र रोज सकाळीं प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यापुढें रांग लावून उभी असते.

असाच एक प्रसंग आम्हीं गेल्या हिवाळ्यांत पाहिला. डॉक्टर परप्रांतांतला, मराठी नवें शिकलेला, एकेक शब्द तोलून बोलणारा. समोर सत्तरीची म्हातारी. त्यानें विचारलें, "आजी, झोप येते का?"

"येते नं बाप्पा," म्हातारी म्हणाली, "तुमच्या लायनीत बसली का येते."

सारी खोली हसली. डॉक्टरास अर्थ उमगावयास क्षणभर लागला, मग तोही मनापासून हसला. म्हातारी आपल्या यशानें खूष होऊन पदर सांवरीत होती. हसूं ओसरल्यावर त्यानें लेखणी खालीं ठेवली आणि विचारलें, "अन् राती, आजी?"

"राती कायची येते?" ती म्हणाली. "लेक नागपूरले गेला तवापासून दार उघडंच ठेवतो मी."

डॉक्टरानें केसपेपरावर काय लिहिलें तें आम्हांस दिसलें नाहीं. लिहावयास त्याला बराच वेळ लागला, आणि रांगेंतलें कोणी कुरकुरलें नाहीं.